रिकाम्या जागेचे सकपाळ मास्तर

सकपाळ मास्तर कुणाच्याही घरी आले की आधी चपला काढायचे, मग मान थोडी वाकडी करायचे, डोळे बारीक करायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहायचे. बघून झालं की न विचारता पुढे जाऊन काहीतरी सरकवायचे. कुणाचं घड्याळ, कुणाचं कॅलेंडर, कुणाच्या शोकेसमधली बाहुली. मग मागे येऊन पुन्हा डोळे बारीक. "आता बसलं," म्हणायचे, आणि त्यानंतर स्वतः बसायचे. तोवर चहा गार.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांचा फोटो मधल्या खिळ्यावरून काढला आणि कडेच्या खिळ्यावर लावला. त्या खिळ्याला माझी छत्री असते.

मी म्हटलं, "मास्तर, बाप आहे तो माझा. मधेच राहील."

"मधे आहे म्हणूनच कुणी बघत नाही, तात्या. मधली वस्तू डोळा गृहीत धरतो. कडेला गेली की शोधतो."

"ह्या घरातले डोळे माझे आहेत," असं म्हणून मी बापाला परत मधे आणलं आणि छत्रीला तिच्या जागी. आतून आमच्या मंडळी मालवणीत पुटपुटल्या, "डोळ्यांत कायतरी गेला वाटता त्यांच्या. पाणी मारूक सांगा."

अशी आमची ओळख. मास्तर म्युन्सिपाल्टीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. बायको गेल्यावर लालबागला आमच्या चाळीत, आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायला आले. मी चौथीपर्यंत शिकलेला, मिलमध्ये साचे चालवलेला माणूस. मला शिकवावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं आणि त्यांनी मला काही शिकवलंही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चाळीतले लोक वेगळं सांगतात. चाळीतले लोक काहीही सांगतात.

मास्तरांचा देव एकच, रिकामी जागा. बाकी सगळं त्या देवाचं सोवळंओवळं. म्हणायचे, "काय काढलंय ते नंतर बघा. काय सोडलंय ते आधी बघा." गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांकडेही ते असेच बघायचे. वरच्या मजल्यावरच्या सावंतांच्या सुनेने एकदा हटकलं, "मास्तर, काय बघताय सारखं?" तर म्हणाले, "बेटा, ती लाल ओढणी दोन शर्ट सोडून पलीकडे घे. सगळं वजन एकाच बाजूला येतंय." तिला वाटलं दोरी तुटणार. तिने घाबरून अर्धे कपडे काढून घेतले. मास्तर खूश. म्हणाले, "हे तर त्याहून चांगलं."

खायला बसले तरी तेच. एका रविवारी आमच्याकडे जेवायला होते. ताटात उजवीकडे सुरमईचा तळलेला तुकडा, खाली भात, वर डावीकडे लिंबाची फोड. मास्तर हात धुऊन आले आणि ताटासमोर ध्यान लावून बसले.

"वहिनी, शाळेत मी जन्मभर जे शिकवलं ते तुम्ही एका ताटात वाढलंत. ही लिंबाची फोड बघा, केवढीशी. पण वर डावीकडे बसलीय म्हणून खालचा हा जड तुकडा ताटातून घसरत नाही. ती काढा, ताट कलंडेल."

मंडळींनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "मास्तर, तो तुकडा घसरणार नाही. पण गार होईल."

आता मंडळाच्या बोर्डाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आमच्या गल्लीचं गणपती मंडळ आहे आणि मी त्याचा संस्थापक सभासद. जिवंत असलेला एकटाच. त्यामुळे नाक्यावर मंडळाचा कुठलाही बोर्ड लागो, सणाचा, वाढदिवसाचा, दहावीच्या मुलांच्या अभिनंदनाचा, माझा फोटो वर डावीकडे ठरलेला. फेटा बांधलेला. ही जागा मला कुणी दिलेली नाही, मी कमावलेली आहे.

मंडळाचा अध्यक्ष बंड्या. पोटाने आणि वयाने मोठा झालाय, पण शेंबडा होता तेव्हापासून मी त्याला बंड्याच म्हणतो. त्याने एका वर्षी मास्तरांना गणपतीचा बोर्ड करायला सांगितला. मास्तरांनी काळ्या कागदाचे चौकोन, गोल, पट्ट्या कापल्या आणि मंडळाच्या कॅरम बोर्डावर मांडून बसले. हा इकडे, तो तिकडे. एक ठेवायचा, दोन काढायचे. कॅरम खेळायला आलेली पोरं ताटकळत उभी. शेवटी एक मोठा गोल कडेला, खाली एक पट्टी आणि बाकी कॅरम मोकळा.

"गोल म्हणजे गणपती. पट्टी म्हणजे मंडळाचं नाव. झालं."

बंड्याने कॅरमच्या चारी बाजूंनी फेरी मारली. "आणि आम्ही कुठे, मास्तर?"

"तुम्ही मंडपात. आरतीला."

"अहो पण एवढी जागा मोकळी? काम अर्धवट वाटेल."

तेव्हा मी मधे पडलो. म्हटलं, "मास्तर, आम्ही एका खोलीत तीन भावांचे संसार केले. मोकळी जागा दिसली की आमची माणसं तिथे पोटमाळा टाकतात. तुमचं हे शास्त्र बंगल्यातल्या लोकांचं."

मास्तरांनी पट्टी किंचित खाली सरकवली. "म्हणूनच चित्रात सोडायची, तात्या. घरात कुठे मिळतेय?"

ह्यावर मला चांगलं उत्तर सुचलं होतं, पण ते दुसऱ्या दिवशी.

बोर्ड अर्थात बंड्याच्या मनासारखा झाला. मधे छोटा गणपती आणि भोवती आम्ही सगळे, पासपोर्टच्या फोटोंची आरास. मास्तर रागावले नाहीत. फक्त आमच्या मंडळींना रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "वहिनी, इथून तात्या दाखवा."

मंडळींनी हात डोळ्यांवर धरला, खूप शोधलं आणि दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"फेट्याक भुलले मी," म्हणाल्या. चाळीत आठवडाभर हसत होते. मी नव्हतो हसत. बोर्डात दोष नव्हता, मंडळींच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. तो आम्ही नंतर बदललाही.

मागच्या वर्षी मास्तर आजारी पडले. परळच्या हॉस्पिटलात होते. मी भेटायला गेलो तर खाटेशेजारच्या छोट्या टेबलावर मोसंबी, पाण्याची बाटली आणि औषधांचा डबा ह्यांची हलवाहलव चालू. हाताला सलाईन. मोसंबी कडेला सरकवायचे आणि उशीवर मान टाकून डोळे बारीक करायचे. सिस्टर येऊन सगळं पुन्हा एका रांगेत लावून जायची.

"भांडू नका तिच्याशी," मी म्हटलं.

"भांडत नाही. ती गेली की पुन्हा मांडतो. वेळ बरा जातो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तात्या, एक काम आहे. मी गेलो की बंड्या नाक्यावर माझा बोर्ड लावणार."

"लावणारच. मंडळाची पद्धत आहे."

"ती पद्धत मी रोज बघतो. मागे ढग. दोन्ही बाजूंना समया. मेलेला माणूस मधे, मोठ्ठा, आणि खाली शोकाकुल म्हणून तीस जण, गॉगल लावून. मी जन्मभर मुलांना सांगितलं, गर्दी करू नका. आणि शेवटी मलाच त्या गर्दीत टांगणार. मला एका कडेला ठेवा. बाकी काही नको. कुणीच नको. एवढं करा."

"भाच्याला सांगा तुमच्या. रक्ताचा आहे."

"भाचा समजूतदार आहे. बंड्याने समजावलं की दोन-चार फोटोंना तरी हो म्हणेल. मला समजूतदार नकोय, हट्टी माणूस पाहिजे. असा माणूस मला उभ्या लालबागात एकच माहीत आहे."

त्यांनी मला जन्मात एवढं एकच चांगलं म्हटलं. मी म्हटलं, "बघतो." माझ्या तोंडून 'बघतो' निघालं की ते झालं असं समजावं.

गणपतीच्या आधी मास्तर गेले. त्याच संध्याकाळी आम्ही बोर्ड छापणाऱ्याच्या दुकानात. कॉम्प्युटरवरच्या माणसाने सवयीने ढग आणले, समया आणल्या.

"काढ," मी म्हटलं.

"समया पण?"

"समया आधी काढ."

बंड्या खुर्चीत सावरून बसला. "तात्या, ऐका. शोकाकुल म्हणून कुणीच नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मंडळाला दुःखच झालं नाही म्हणतील."

"दुःख झालंय ना तुला?"

"झालंय हो! सकाळपासून जेवलो नाही."

"मग ते पोटात ठेव. फोटो कशाला पाहिजे?"

बंड्या खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाला, "बरं, आमचं राहू दे. तुमचा एकट्याचा टाकू. तुम्ही त्यांचे खास. वर डावीकडे, नेहमीसारखा."

पडद्यावर सगळं पांढरं झालं होतं आणि वर डावीकडचा तो चौकोन मला त्या पांढऱ्यातही दिसत होता. फेट्यासकट. गेली कितीतरी वर्षं ह्या नाक्यावर लोकांनी मला तिथे बघितलंय. बघितलंय म्हणजे, मंडळी सोडून.

"एक घातलास की तीस येतील," मी म्हटलं. "कुणी नाही म्हणजे मीपण नाही. पुढे चल."

कॉम्प्युटरवाल्याने मास्तरांचा फोटो डाव्या कडेला ठेवला. फोटोत मास्तर डावीकडे बघत होते.

"हा बोर्डाबाहेर बघतोय," मी म्हटलं. "माणूस जिकडे बघतो तिकडे जागा सोडावी. नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा राहिल्यासारखा दिसतो. उजवीकडे घे. खाली. अजून खाली. आता लहान कर."

"काका, तुम्ही आर्टिस्ट का?" त्याने विचारलं.

"शिव्या नको देऊस," मी म्हटलं.

खाली नाव आणि 'ड्रॉइंगचे मास्तर' एवढे दोनच शब्द. सकाळी बोर्ड नाक्यावर लागला आणि लोकांची करमणूक झाली. पेपरवाला म्हणाला, मशीनची शाई संपली वाटतं. एकाने विचारलं, बाकीचा कधी छापणार? पण माहेराहून त्याच सकाळी परतलेल्या सावंतांच्या सुनेने रस्त्याच्या पलीकडून, पिशवी सावरत, बघितलं आणि तिथूनच म्हणाली, "अगं बाई, सकपाळ मास्तर गेले?" तिला शोधावं लागलं नाही. हे मी बंड्याला मुद्दाम ऐकवलं.

एक दिवस बोर्ड तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर मास्तरांच्या नाकासमोर, त्या पांढऱ्या जागेच्या बरोबर मधोमध, पिवळा कागद चिकटवलेला. 'घरगुती जेवणाचे डबे मिळतील.'

बंड्या त्याच्या दुकानाच्या पायरीवर दात घासत उभा होता. "बघा तात्या. मी सांगत होतो. इथे मोकळी जागा टिकत नाही."

कागद फाडून टाकणार होतो. हात वर केला. पण मग म्हटलं, आधी लांबून बघू. रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. डोळे बारीक केले. उन्हामुळे, दुसरं काही नाही. मास्तर खाली उजवीकडे, त्यांच्यासमोर ते पिवळं ठिगळ, आणि सगळं त्या मधल्या ठिगळावर लटकल्यासारखं. मास्तरांकडे नजर जातच नव्हती.

परत आलो. बोर्डाखालच्या कठड्यावर चढलो. गोंद अजून ओला होता, नखाने कडा सोडवल्या, कागद न फाटता हातात आला. डबे करणारी कुणीतरी बाई असणार, तिच्या पोटाचा प्रश्न. कागद वर डावीकडे नेला, माझ्या जागेवर, आणि तळव्याने दाबला. पुन्हा पलीकडे जाऊन बघितलं. पुन्हा येऊन बोटभर वर घेतला. पिवळा, केवढासा, लिंबाच्या फोडीएवढा.

बंड्याने तोंडातला फेस थुंकला. "तात्या, काढताय का लावताय?"

"गप्प बस," मी म्हटलं. "आता बसलं."