चिमीची बाबागाडी आणि बहरीनचा मासा

बाबागाडी चालायला लागली, आणि मी तर तिला ढकललीच नव्हती.

खाली उतार, उताराच्या टोकाला समुद्र, आणि गाडीत माझी दीड वर्षाची चिमी बिस्कीट चोखत बसलेली. गाडीला बांधलेला खुळखुळा वाजतोय, चिमी हसतीय, मी ओरडतीय. गाडीच्या दांड्याला एक दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मासा. ती दोरी बांधली कुणी? मीच.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई वेडी आहे.

मी कृष्णाकाठची, शाळा आठवीपर्यंत. आमचे हे बहरीनला एसीच्या कामावर आहेत. त्यांनी तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आम्हा मायलेकींना बोलावलं. निघताना सासूबाईंनी बजावलं, "पोरीला पाण्यापासून लांब ठेव. तिला जरा जरी काय झालं, तर परत तिकडं जायचं नाव काढायचं नाही." सासूबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. विमानात मी चिमीला इतकी आवळून धरली की शेजारची बाई म्हणाली, "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे."

उतरल्या उतरल्या ह्यांनी माझी चप्पल काढून नाडीचे बूट घालायला लावले. परदेशात चप्पल बरी दिसत नाही म्हणे. मग गुदैबिया नावाच्या वस्तीत ह्यांच्या खोलीवर आलो. खाली वाण्याकडं कढीपत्ता, समोर इडलीवाला, जिन्यात सगळे हिंदी बोलणारे, आणि सगळ्यांच्या पायात चपला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे दुसरीकडं बघत होते.

ह्यांना तिथं मासे धरायचं खूळ लागलेलं. मोबाइलवर एक अमेरिकन माणूस तळ्यात उभा राहून गोड्या पाण्यातला पट्टेवाला 'बास' नावाचा मासा धरतो, ते व्हिडिओ जेवताना, झोपताना, दाढी करताना चालू.

मी म्हणलं, "अहो, पण हितं तर समुद्र हाय."

"तुला नाही कळायचं. टेक्निक तेच असतं."

मग सामान घ्यायला बाब अल बहरीन म्हणजे बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत गेलो. दुकानदार केरळचा. विचारतो, "कौनसा मछली, भाई?"

"स्ट्राइप्ड बास."

"वो इधर मफी." (मफी म्हणजे नाही.)

"आप सामान दिखाओ ना."

मग त्यानं दाखवलं. आमच्या दारापेक्षा उंच काठी, तिला घिरघिरणारं रीळ, हत्ती बांधला तरी तुटणार नाही असा दोरा, आणि लाल डोळ्यांचे, पोटाला गळ लावलेले प्लास्टिकचे मासे. ह्यांनी त्यातून निवडायला तासभर लावला. ऊन असलं तर हा रंग, ढग असले तर तो रंग.

"बहरीनला ढग येतात का हो?" मी विचारलं. ह्यांनी दोन्ही रंग घेतले. माझ्या लग्नाचा शालू याच्यापेक्षा लवकर ठरला होता.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, टॅक्सीनं मुहर्रकच्या किनाऱ्यावर जायचं, काठी खिडकीतून बाहेर. मनगट असं फिरवायचं, दोन ओढी, एक थांबा. तीन शुक्रवारांत ह्यांनी एक पिशवी धरली आणि स्वतःचीच टोपी.

शेजारी एक म्हातारे बहरीनी चाचा बसायचे. त्यांच्याकडं नुसती खैत (हातानं सोडायची दोरी), पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली. गळाला कोळंबी लावायची आणि गप बसायचं. त्यांची बादली भरायची. हे म्हणायचे, "जुनी पद्धत. सायन्स नाही त्यात."

चौथ्या शुक्रवारी हे करक (दाट दुधाचा चहा) आणायला गेले. चाचांनी एक दोरी पाण्यात सोडून तिचं टोक माझ्याकडं दिलं. "लो बेटी. पत्थर को बांधो."

आता आमच्याकडं नदीवर माझे आबा गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून काठावर झोपतात. मासा लागला की जाग येते. पण माझा अंगठा नाडीच्या बुटात. दगडाला बांधली तर दगड काय सांगणार? गाडीला खुळखुळा होता, म्हणलं वाजंल, म्हणून गाडीच्या दांड्याला बांधली. चिमीला झोप यावी म्हणून गाडी हलवत होते, त्यामुळं ब्रेक काढलेला. एवढं डोकं मी उभ्या आयुष्यात चालवलं नव्हतं.

आणि खुळखुळा वाजला की हो!

मी धावले ती बुटाची नाडी पायात येऊन पालथी पडले. चाचा म्हातारे, पण स्वतःची दोरी टाकून चाकापुढं आडवा पायच घातला. "बेबी उठाओ! यल्ला, यल्ला!" (यल्ला म्हणजे चल, लवकर.) चाकाला आणि पाण्याला दोन हातांचं अंतर होतं. मी चिमीला उचलली ती अशी की बिस्कीट तिच्या नाकात गेलं. चाचांनी दोरी ओढली. चांदीसारखा सुबैती मासा, चिमीच्या कमरेएवढा. दोरी कापून त्यांनी गुपचूप खिशात घातली आणि मला म्हणाले, "खलास. रोना नहीं." (खलास म्हणजे झालं, संपलं.)

तेवढ्यात हे तीन कप घेऊन आले. "हा कुणाचा?"

माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई उभ्या राहिल्या. "तुमच्याच काठीला लागला," मी म्हणलं.

चाचांनी काठीकडं बघितलं. प्लास्टिकचा मासा वाऱ्यावर कोरडा झुलत होता. "माशाल्ला," ते म्हणाले आणि खूप वेळ खोकत बसले.

"बघितलंस? टेक्निक!" हे म्हणाले.

रात्री खोलीवर मासा तळला. ह्यांनी कामावरच्या चौघांना मनगट कसं फिरवायचं ते शिकवलं. मी काटे काढून चिमीला भरवत होते. मासा मात्र गोड लागला.

आता गावी येऊन दोन महिने झाले. लोक विचारतात, परदेशात काय बघितलंस? मी म्हणते, समुद्र. खरं तर मी बघितलं ते चाकापुढचं दोन हातांचं अंतर, अजून झोपेत दिसतं. तिकडं ह्यांनी दुसरी काठी घेतली, पहिलीपेक्षा उंच. त्या दिवसापासून एक मासा नाही.

काल ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, तू तिथंच होतीस ना? त्या दिवशी मी काय वेगळं केलं होतं, आठवून सांग की. आणि हे बघ, परत येशील तेव्हा बाबागाडी घेऊनच ये. ती शेजारी होती तेव्हाच लागला बघ. पाण्याजवळच लावू."

शेजारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. परवाच त्या आम्हाला परत पाठवायला तयार झाल्यात. त्यांचा हात सुपात थांबला. "कशाला रं पाण्याजवळ?" त्यांनी विचारलं. माझ्या मांडीवरच्या चिमीनं फोन बघून खुळखुळा उचलला आणि जोरात वाजवला.

फोनमधून हे माझ्याकडं बघतायत, सुपावरून सासूबाई बघतायत. आता तुम्हीच सांगा बायांनो, तुम्ही काय केलं असतं?