सुकीचं गाणं अर्धं राहत नाही

सुकी म्हणजे कैनाडच्या पाड्यावरची धवलेरी. तिथं लग्न लागतं ते धवलेरीच्या गाण्यानं, भटजीचं काही काम पडत नाही. एरवी ती बोर्डीच्या वाड्यांत चिकू वेचायला जाई आणि मुकादमाशी भांडून परत येई. पण लग्नात ती भिंतीवरच्या चौकासमोर बसली की भल्याभल्यांची बडबड बंद पडायची.

२०१६ च्या फाल्गुनात तिचा पुतण्या प्रविण नाटकाचं घेऊन तिच्याकडे आला. गडी कारखान्यात कामाला, पण जीव सगळा नाटकात. बोर्डीला एकांकिकांची स्पर्धा होती. नाटकात पाड्यावर लग्न लागतंय आणि मांडवाला जंगलातलं लाकूड वापरलं म्हणून फॉरेस्टवाला येऊन ते मध्येच बंद पाडतो. प्रविणला धवलेरी हवी होती, तीही खरी.

"नवरानवरी कोन?" सुकीनं विचारलं.

"नविन न् निर्मला."

"ती तं एका कुळाची. भावाबहिनीचां लगीन लावू?"

"काकी, नाटक हाय. लगीन खोटां."

"लगीन खोटां असल. गानां खोटां नाय."

तिचं म्हणणं सरळ होतं. गाण्यात एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं. ते आले की त्यांना काय सांगायचं, गंमत केली म्हणून? प्रविणनं मग पोरींकडून गाणं म्हणवून घेतलं. तालमीला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तो एका लग्नात मोबाइलवर गाणं भरायला गेला, तर त्यानं मोबाइल खिशात घालेपर्यंत सुकीनं गाणं सुरूच केलं नाही. शेवटी त्यानं हात टेकले. तेव्हा सुकीच म्हणाली, "जिव्या न् जिजाला उभी कर. त्यांच्यासाठी गाईन."

जिव्या आणि जिजा कैक वर्षं एकत्र राहत होते. दोन पोरं शाळेत जात होती. पाड्याला जेवण घालायची ऐपत नव्हती म्हणून लग्न तेवढं राहिलं होतं. त्याबद्दल कोणी नावं ठेवत नसे. फक्त एक होतं. लग्नघरी भिंतीवर वाटलेल्या तांदळानं देवीचा चौक लिहायचा तो सवासिणींनी. जिजाच्या लग्नाचं गाणं झालेलं नव्हतं, म्हणून ती तांदूळ वाटून द्यायची आणि बाजूला बसायची. तिचा हात सगळ्यांत चांगला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सुकीला ते फार लागायचं.

प्रविण कबूल झाला, नाही होऊन सांगतो कुणाला! जिव्याचं काम म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रेशनच्या रांगेत नाव सांगावं तसा तो वाक्यं बोलायचा. फॉरेस्टवाल्याचं काम नविनला मिळालं. एक गोष्ट मात्र प्रविणच्या ध्यानात आली नाही. तालमीत सुकी गात नसे, नुसती बसून राही. मध्येच थांबायचं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

स्पर्धेच्या दिवशी सुकी गायला लागली आणि जिजा रडायला लागली. परीक्षक कौतुकानं पुढे झुकले. ठरल्या जागी नविन काठी आपटत आला. "बंद करा हे लगीन!"

सुकीनं वर पाहिलंसुद्धा नाही. नविन पुन्हा ओरडला. तिनं हातानंच त्याला बाजूला बसायची खूण केली. पाड्यावर लहानाचा मोठा झालेला पोरगा तो, टोपी काढून बसला. विंगेतून प्रविण दातओठ खात होता. वेळ संपल्याची घंटा झाली, पडदा पडला, पडद्यामागे गाणं चालूच राहिलं. पाड्यावरची माणसं खुर्च्या सोडून मागे गेली. लग्न लागलं. नाटक बाद झालं.

प्रविण पावसाळा संपेपर्यंत सुकीशी बोलला नाही. तिलाही वाईट वाटलं. पोरानं मेहनत केली होती, हे ती नाकारत नव्हती. पण आलेल्या देवांना अर्ध्यातून परत पाठवणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

पुढल्या वर्षी उधव्याच्या मंडळानं तेच नाटक मागितलं. प्रविण नाक मुठीत धरून दारात आला. मागे त्याच्या घरात राहणारी कविता, कडेवर त्यांची पोर. त्यांचंही गाणं राहिलेलंच होतं.

"आता जोडपां कोन?" सुकीनं विचारलं.

"आमी." प्रविण खाली बघत म्हणाला. "न् काकी, फॉरेस्टवाला आता गानां सरल्यावर येतो. तसां लिवलांय."

सुकी हसली. मग तिनं विचारलं, पडद्यावरचा चौक कोण लिहिणार? मागच्या खेपेला तो बोर्डीच्या एका पेंटरनं रंगवला होता.

उधव्याला खेळाच्या दिवशी स्टेजवर कोरा गेरूचा पडदा टांगला. बाया जमल्या. सवयीनं जिजानं तांदूळ वाटले, वाटी पुढे ठेवली आणि उठून बाजूला जायला निघाली. सुकीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि चौक लिहायची काडी तिच्या हातात दिली.