खाऱ्या पाण्यावरचं गारीगार

हजारो वर्षांपूर्वी वितळलेल्या बर्फाची आज काळजी करणारा माणूस अख्ख्या उमरगा तालुक्यात एकच होता, आणि तो आम्हांला कॉलेजात भूगोल शिकवायला होता. लोक एकमेकांना विचारत, टँकर उद्या येणार का? आमचे सर विचारत, "ते एवढं गोडं पाणी समुद्रात गेलं, पुढं काय झालं असेल?" आणि उत्तराची वाट न बघता चालू लागत. सरांना बसलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. वर्गात ते फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरायचे, आणि बोलण्याच्या भरात कधी कधी दाराबाहेरही जायचे. व्हरांड्यात त्यांचा आवाज लांब लांब जाई. आम्ही पेन वर धरून थांबायचो. मग आवाज पुन्हा जवळ येई आणि आम्ही लिहू लागायचो. मधलं हिमयुग आमच्या वह्यांत नसेच. एकदा स्टँडसमोरच्या हॉटेलात ते कपबशी हातात घेऊन बोलत बोलत निघाले, ते हैदराबाद रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांपर्यंत पोचले. हॉटेलवाला मागून ओरडत होता, "सर, बर्फ वितळू द्या, पण माझी बशी ठेवा!"

बर्फ दिसला की मात्र त्यांचं भान जाई. तुळजापूरला एका प्राध्यापकांच्या लग्नात सरबताच्या पिंपात बर्फाची लादी सोडली होती. आचाऱ्यानं पळी घातली तसा सरांनी त्याचा हात धरला. "थांबा, ढवळू नका! वितळलेलं पाणी कुठं जातं ते बघू द्या." उन्हातून आलेलं सगळं वऱ्हाड रिकामे पेले घेऊन उभं, आणि सर पिंपात डोकं घालून. शेवटी नवरदेवाचा मामा म्हणाला, "मास्तर, तिकडं मुलाच्या घशाला कोरड पडलीया. मंगलाष्टकं कशी ऐकायची त्यानं?" सरांनी त्यालाच पिंपाजवळ ओढलं.

मला त्यांचं सगळंच कळायचं असं नाही. आमच्या घरात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं न कळलेलं विचारायलाही धीर होत नसे. पण एक गोष्ट मनात रुतली होती. सर म्हणायचे, हवामान बैलगाडीसारखं सावकाश वळतं असं आपण समजतो. तसं नाही. कधी कधी ते गाडीसारखं एकदम उलटतं.

त्या वर्षी भूगोल हा मुख्य विषय बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. विद्यार्थी नाहीत तर विषय नाही, आणि विषय नाही तर सर नाहीत. जिल्ह्यात जिकडंतिकडं सोसायट्या, दूध संघ, कारखाने निघत होते. त्यांना हिशेब येणारी मुलं हवी होती, हिमयुग येणारी नव्हे. एकेक जण कॉमर्सकडं सरकला. मी तेवढा अडखळत उरलो. मला भूगोल घ्यायचा होता, पण माझ्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं होतं, "कारखान्यात कारकून हो. सावलीत बस." स्वतः ते माकणीला धरणाच्या कामावर उन्हात माती उपसत होते. त्यांना नाही कसं म्हणायचं ते मला सुचत नव्हतं.

हे सरांना कळलं आणि एका रविवारी ते थेट माकणीला आले. खांद्याला थर्मास, थर्मासात उमरग्याच्या बर्फाच्या कारखान्यातली लाल गारीगारं. एसटीतून उतरताच त्यांनी एकदा झाकण उघडून बघितलं. तेवढं पुरलं. "गारीगारवाला आला!" म्हणून सगळं गाव मागं लागलं. आमच्या वस्तीपर्यंत पोचेतो दोनच उरली होती.

सरांना काचेची भांडी हवी होती. आमच्या घरात होती ती पितळेची, जर्मनची. सर तसेच वळले आणि चहाच्या हॉटेलातल्या बिस्किटांच्या दोन बरण्या मागितल्या. कुणाच्या घरी न्यायच्या ते ऐकून हॉटेलवाला घुटमळला. सरांना ते घुटमळणं कळलंच नाही. त्यांनी बिस्किटं त्याच्याच टॉवेलात ओतली आणि बरण्या काखेला मारून निघाले.

घरात येताच म्हणाले, "बाई, पाणी द्या. भरून."

मायनं दादांकडं बघितलं. टँकर येऊन दोन दिवस झाले होते. घागर एकच भरलेली होती. पण वेशीच्या आतल्या कुणी आमच्या घरात पाणी मागितल्याचं मला आठवत नाही. मायनं बुद्धाच्या फोटोखालची घागर उचलून दोन्ही बरण्या भरल्या. सरांनी एका बरणीत मिठाची मूठ टाकली. मग दुसरी, तिसरी. मायचा श्वास मला ऐकू आला. सरांना नाही.

दोन्हींत एकेक गारीगार सोडलं. साध्या पाण्यात लाल रंगाचे दोरे सुटले आणि सरळ तळाला गेले.

"बघा काका, गार पाणी असं बुडतं. समुद्रातसुद्धा उत्तरेला गार, खारं, जड पाणी बुडत असतं. ते बुडतं म्हणून त्याच्या जागी इकडचं ऊबदार पाणी ओढलं जातं. आता ही बरणी."

खाऱ्या पाण्यात लाल रंग वरच पसरून राहिला. खाली एक दोरा उतरेना.

"हे झाकण! बर्फाचे डोंगर वितळले, गोडं पाणी असं वर पसरलं. बुडणं थांबलं, ऊब येणं थांबलं. उत्तर पुन्हा गारठली. आणि इथं, इतक्या लांब, आपले पावसाचे वारे मंदावले."

दादा उकिडवे बसून बघत होते. "हे कळून पाऊस पडतो व्हय, सर?"

"नाही," सर म्हणाले.

"मग हे व्हायला किती काळ लागला म्हणायचा?"

"कधी कधी एका माणसाच्या जन्माइतकाच."

दादा लाल थराकडं वाकले. "म्हंजी ज्यांनी ते भोगलं, त्यांस्नी ठावंच नव्हतं काय चाललंय. पुढल्या साली पडंल म्हणत बसले असतील."

"अहो, हेच! हेच!" सर दाराबाहेर जाऊन अंगणाला फेऱ्या मारू लागले. कोंबड्या पांगल्या.

"घाल तुझं नाव भूगोलात," दादा मला म्हणाले. "सावली नसली तर नसू दे. कुणाला तरी ठावं असू दे."

सर निघताना माय म्हणाली, "त्या खाऱ्या पाण्याचं काय करू?" तेव्हा कुठं सरांनी रिकाम्या घागरीकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. मायच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भांडी घासाय होतंय." पण सर मागं वळून घागरीकडं बघत गेले.

मी नाव घातलं. यादीत ते एकटंच होतं. जूनमध्ये विषय बंद झाला आणि मी इतिहासाच्या वर्गात जाऊन बसलो.

उमरगा सोडून जायच्या आदल्या दिवशी सर पुन्हा माकणीला आले. या वेळी थर्मास नव्हता. तोंडाला फडकं बांधलेली घागर होती. उमरग्याहून एसटीत मांडीवर धरून आणलेली. पँट मांडीपासून खाली भिजलेली.

"अवो सर, पाणी कुणी परत करतं व्हय?" माय म्हणाली.

"सगळं नाही राहिलं," सर म्हणाले. "लोहाऱ्याच्या पुढं रस्ता फार खराब आहे."

मायनं घागर घेतली आणि रांजणातल्या आमच्या पाण्यात ओतली. "आता सांगा तुमचं कोणतं, आमचं कोणतं."

सर वाकून रांजणात बघू लागले. मी वाट बघत होतो, आता हे चालू लागतील, बोलत बोलत अंगणात जातील. पण ते तिथंच उभे राहिले. मायनं त्याच रांजणातला तांब्या भरून पुढं केला. तो हातात घेऊन सर खाली बसले, आणि सावकाश पाणी प्याले.