आगाऊ दुखलेलं पोट

आमच्या शिंप्याला सगळं आधीच उरकून ठेवायची खोड शाळेपासूनची. गुरुजींनी रोजनिशी लिहायला लावली, तर हा पठ्ठ्या रविवारीच अख्खा आठवडा लिहून मोकळा व्हायचा. एकदा सोमवारी गुरुजींनी गुरुवारची नदीवरची सहल जाहीर केली, तसा हा उड्याच मारायला लागला. मंगळवारी गुरुजींनी त्याची वही उघडली.

“गुरुवारी तर तुझं पोट दुखणार आहे. तू आपला घरीच थांब बाबा.”

याचं तोंड एवढंसं झालं. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, शुक्रवारी बरं वाटलं असं लिहिलंय. ते एक दिवस अलीकडे घेतलं तर?”

गुरुजींना हसू आवरेना. गुरुवारी नदीच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे हाच पळत होता, आणि गुरुजी मागून म्हणत होते, “अरे, जरा दमानं, आजारी माणूस तू.”