पस्तीस फुटांचं दार

गिऱ्हाईक भाव करतं म्हणून आम्ही दर चढवून सांगतो, की आम्ही चढवून सांगतो म्हणून गिऱ्हाईक भाव करतं, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. आजोबा कसब्यात तांब्याची भांडी ठोकायचे. वडिलांनी त्याच जागेत ॲल्युमिनियमचं काम सुरू केलं आणि मी आता डबल काचेच्या खिडक्या-दारं करतो. रीत मात्र तीच. मी चौरस फुटाला साडेतेराशे सांगायचे, समोरच्याने "अहो, काहीतरीच काय" म्हणायचं, मी चेहरा पाडायचा, त्याने पायात चपला घालायच्या, आणि शेवटी एक हजार पन्नासला दोघांनी खूश व्हायचं. एक हजार पन्नास हाच माझा खरा दर. त्यात माझं घर चालतं, कारागिरांचे पगारही निघतात. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा त्रास कोणाला नको.

बाबुराव ओव्हाळ गेल्या नोव्हेंबरात दुकानात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. सरकारी कचेरीतून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. राहायला कोथरूडला, सिग्नलच्या तोंडावरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्याच इमारतीत वरच्या एका घरी मी खिडक्या बसवल्या होत्या, त्या बघून आले होते. बेडरूमच्या दोन खिडक्या आणि गॅलरीचं दार बदलायचं आहे म्हणाले. घरात आजारपण आहे, आवाजाने झोप लागत नाही, तेवढं बघा.

माप घ्यायला मी आणि आमचा कारागीर दत्तोबा गेलो. बेडरूममध्ये भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पलंगावर त्यांच्या पत्नी चंपाताई. पंचवीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई, पलंगावर उशीएवढी जागासुद्धा व्यापत नव्हती. कॅन्सर हाडांत उतरला होता आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. बाबुरावांनी मला बाहेर हॉलमध्ये हळूच समजावलं. औषधाने तास-दीड तास डोळा लागतो, तेवढ्यात खाली बसने ब्रेक मारला किंवा सिग्नल सुटताना हॉर्न वाजले की त्या दचकून उठतात, आणि एकदा उठल्या की दुखणंही उठतं. ते पुढचा डोस येईपर्यंत थांबत नाही.

दत्तोबा टेप लावत असताना चंपाताईंनी मला विचारलं, आवाज किती कमी होईल हो. मी म्हटलं, खिडक्या आणि दार, तिन्ही केलं तर हा सिग्नल लांबच्या गल्लीत गेल्यासारखा वाटेल. त्या जरा हसल्या.

"लांबच्या गल्लीतला चालेल," त्या म्हणाल्या. "उशाशी नको."

खिडक्या मिळून बत्तीस चौरस फूट भरल्या, दार पस्तीस. मी सवयीप्रमाणे बजेट विचारलं. बाबुराव म्हणाले, बजेट सांगितलं की तुमचा दर बरोबर तेवढाच निघेल, तेव्हा ते राहू द्या, कामाचा दर सांगा. आणि मग म्हणाले, "श्यामराव, मी भाव करत नाही. तुम्ही योग्य दर एकदाच सांगा. जमलं तर करू, नाही जमलं तर तसं सांगेन."

कारण त्यांनी आपणहून सांगितलं. ते कॉलेजात असताना त्यांची आई मार्केट यार्डाबाहेर मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. सकाळी तास दोन तास तेही तिच्याजवळ बसायचे. चांगल्या घरची, स्कूटरवरून आलेली माणसं तिच्याशी चार-चार आण्यांसाठी हुज्जत घालायची, जुडी उलटीपालटी करून परत फेकायची आणि घ्यायची तेव्हा वर दोन काड्या फुकट उचलायची. माणसं गेली की आई जुडीवरची माती झटकत बसायची. तेव्हापासून त्यांनी कोणाशी भाव केला नव्हता. रिक्षावाल्याशी नाही, भाजीवालीशी नाही, फ्लॅट घेतानासुद्धा नाही.

गोष्ट ऐकून मला बरं वाटलं. पण "मी भाव करत नाही" हे वाक्य मी हजारदा ऐकलेलं आहे. जो हे म्हणतो तोच सगळ्यात जास्त डोकं खातो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. म्हातारा मुरलेला आहे असं मी धरलं आणि कागदावर साडेतेराशेच लिहिलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. पेन काढून कडेला बारीक बेरीज केली. माझी तयारी होती, आता काहीतरी बोलतील, मग मी जरा ओढून धरेन आणि सोडेन. त्यांनी कागद घडी करून फोल्डरमध्ये ठेवला आणि म्हणाले, तिन्ही होणार नाही, दोन खिडक्या करू, दार राहू द्या.

हीही एक चालच असते. काम कमी करतो म्हणायचं, म्हणजे दुकानदार आपोआप खाली येतो. मी म्हटलं, काका, दार राहिलं तर खिडक्या करून उपयोग नाही, आवाज दारातून येणारच. ते म्हणाले, समजलं, पण जेवढं झेपतं तेवढं करू. मी थांबलो. त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून थांबलो. त्यांनी नुसतं "कितीला पटतंय" म्हटलं असतं तरी मी त्याच क्षणी एक हजार पन्नास केले असते, देवाशप्पथ. ते विचारत नव्हते आणि मी आपणहून सांगायला तयार नव्हतो. माझा मेला ताठा.

खिडक्या बसल्या. दत्तोबाने परत आल्यावर हत्यारं टेबलावर आपटली. म्हणाला, "मालक, आवाज तसाच हाय. दार उघडं ठिवून भिंतीला पडदा लावल्यासारखं झालंय."

पुढच्या आठवड्यात मी उरलेले पैसे घ्यायला गेलो. गॅलरीच्या दारावर वरून खालपर्यंत गोधड्या ठोकल्या होत्या. तीन की चार, एकावर एक. त्यांना लागून गादी उभी करून टेकवलेली आणि ती पडू नये म्हणून बाबुराव खुर्ची घालून तिला पाठ लावून बसलेले. दिवसा उजेडी खोलीत अंधार होता, वारा बंद, औषधांचा वास कोंडलेला. खाली सिग्नल सुटला तेव्हा चंपाताईंचं कपाळ आक्रसलं. डोळे उघडले नाहीत, पण तोंडातून बारीक आवाज आला. बाबुराव उठू शकत नव्हते, उठले असते तर गादी पडली असती. त्यांनी बसल्या जागेवरूनच "झालं, झालं, गेली बस" म्हटलं.

मग त्यांनी बसूनच चेक लिहिला. पूर्ण रकमेचा. त्रेचाळीस हजार दोनशेमधले आधी दिलेले वजा जाता जेवढे राहिले तेवढे, रुपयासकट. माझ्या धंद्यात शेवटच्या बिलातून दोन-पाच हजार न कापता कोणी पैसे दिलेले मला आठवत नाहीत. रबर नीट बसलं नाही, रंग जरा वेगळा वाटतो, काहीतरी काढतातच. हा माणूस खरंच भाव करत नव्हता. चेक खिशात घालून मी जिना उतरलो.

त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. नाही केला. काय सांगणार? काका, तुम्हाला मी फुटामागे तीनशे रुपये जास्त लावले? मी नऊ दिवस शब्द शोधत बसलो. खिडक्यांवर मी नऊ हजार सहाशे जास्त घेतले होते. ते दाराच्या खऱ्या किमतीतून वजा केले आणि दहाव्या दिवशी फोन करून थाप मारली, कंपनीची स्कीम आली आहे, दार सत्तावीस हजार दीडशेत बसेल. ते एकदम म्हणाले, करा, उद्याच करा. त्यांचा आवाज एवढा मोकळा झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

उद्या होत नसतं. डबल काच कारखान्यातूनच दोन थर चिकटवून, मध्ये हवा कोंडून येते. मापाला बनते, नंतर इंचभरही कापता येत नाही. अठरा दिवस लागले. या अठरा दिवसांत बाबुरावांनी तीनदा फोन केला. एकदाही आवाज चढवला नाही. काच आली का एवढंच विचारायचे, आणि नाही म्हटलं की बरं म्हणायचे.

काच आली, दार तयार झालं, टेम्पो भरला आणि निघायच्या आधी मी फोन लावला. ते म्हणाले, आमच्या मंडळी शुक्रवारी गेल्या, घरात पाहुणे आहेत, पुण्यानुमोदनाचा विधी झाला की या. शुक्रवार म्हणजे चार दिवस आधी. मी ते नऊ दिवस वाया घालवले नसते तर पाच रात्री तरी त्या झोपल्या असत्या. हा हिशेब मी टेम्पोत बसूनच केला आणि दत्तोबाला म्हटलं, माल उतरव.

मी एकटाच गेलो. दारावरच्या गोधड्या काढल्या होत्या, खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. पलंगही हलवला होता. बाबुरावांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि चेकबुक घेऊन आले. मी म्हटलं, काका, दार मी परत घेतो, पैसे नकोत. ते म्हणाले, माप माझ्या घराचं आहे, ते दुसऱ्या कोणाला लागणार नाही, मग तुमचं नुकसान कशाला? चेकवर आकडा घालता घालता त्यांचं पेन थांबलं.

"सत्तावीस हजार दीडशे," ते म्हणाले. "हा पस्तीस फुटांनी भागला जात नाही. ही कसली स्कीम?"

मी सगळं सांगितलं. खरा दर एक हजार पन्नास, तुम्ही भाव कराल म्हणून साडेतेराशे लिहिले, खिडक्यांवरचे जास्तीचे दारातून वजा केले. एका दमात सांगितलं, खाली बघून. त्यांनी फोल्डर काढलं, माझा पहिला कागद उलगडला आणि त्यांच्या बारीक बेरजेच्या शेजारी दुसरी बेरीज मांडली. सदुसष्ट फूट, एक हजार पन्नास. लेखापालाचा सवयीचा हात सावकाश चालला होता.

"सत्तर हजार साडेतीनशे," ते म्हणाले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याकडे पंच्याहत्तर होते."

खाली बसने ब्रेक मारला. त्यांची मान सवयीने पलंग होता त्या कोपऱ्याकडे वळली. मग त्यांनी चष्मा घातला, चेक पूर्ण केला, फाडून माझ्यासमोर ठेवला. मी तुम्हाला एकदाच विचारलं होतं, श्यामराव, असं म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माणसाने मला जिन्यापर्यंत पोचवलं.

मी सुधारलो असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. साडेतेराशेच सांगतो अजून. एकच दर सांगून बघितला पंधरा दिवस, गिऱ्हाईक म्हणालं, माणूस हेकट आहे, आणि समोरच्या दुकानात गेलं. फक्त कोणी "मी भाव करत नाही" म्हणालं की आता मला पेन उचलवत नाही. आधी विचारतो, घरात कोणी आजारी आहे का.

दार दुकानात मागच्या भिंतीला टेकवून उभं आहे; बसवून द्या असं त्यांनी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. दत्तोबा दर सोमवारी विचारतो, मोडू का, फ्रेम तरी वापरू. मी नको म्हणतो. चेक मी ड्रॉवरमध्ये टाकला होता, वटवला नाही. तीन महिन्यांनी तो बाद झाला आणि मला वाटलं, सुटलो.

परवा बाबुरावांचा फोन आला. पासबुक भरून आणलं, चेक वटलेला दिसत नाही, दुसरा लिहून ठेवला आहे, येऊन घेऊन जा. मी बरं म्हटलं. फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

"आणि श्यामराव," ते म्हणाले, "या आकड्यात अजून काही कमी-जास्त असेल, तर या वेळी आधीच सांगा."

मी म्हटलं, नाही काका, हा बरोबर आहे. चेक आणायला अजून गेलेलो नाही.