पॉइंट गार्ड आणि टोपल्यातली भाकर

गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालला होता, की बायकांच्या बास्केटबॉलमध्ये सगळ्यात मोठी पॉइंट गार्ड कोण. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारी आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणारी. एवढं मला ऐकता ऐकता कळलं.

वाद घालणाऱ्या दोघी म्हणजे माझी मुलगी आणि मोठ्या जावेची मुलगी. दोघी वाशिमजवळच्या मालेगावला एकाच शाळेत आणि एकाच टीममध्ये आहेत. मोबाइलवर परदेशातल्या दोन खेळाडूंचे व्हिडिओ लावून त्या चुलीजवळ बसायच्या. लांब वेण्यांची एक सगळ्यांमधून घुसून स्वतःच चेंडू टाकायची. ती जावेच्या मुलीची लाडकी. दुसरी ठेंगणी, एकीकडे पाहायची आणि चेंडू भलतीकडेच द्यायची. ती माझ्या मुलीची.

"अव, मॅच पॉइंटनं जितते. तुही काय करते? नुसती वाटत फिरते," जावेची मुलगी म्हणायची.

"वाटते म्हणून तं बाकीच्या खेळतात. तुहीच्या टीमातल्या चौघी काय पाहुण्या आल्या काय?"

अंगणातल्या खाटेवरून भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, बोलायचे, "त्या जाळीले बूडच नाई. टाकला का पडला खाली. त्याच्यापाई कायले भांडून राह्यल्या व?"

मी भासऱ्यांसमोर बोलत नाही. लग्न झाल्यापासूनची सवय आहे. पीठ मळता मळता मान वाकडी करून मीही ते व्हिडिओ पाहायची, पण मला कोणी विचारत नव्हतं आणि ते बरंच होतं.

खरा वाद त्या दोन परदेशी बायकांचा नव्हता. वाशिमच्या सरावाच्या सामन्यात जी चांगली खेळेल तीच पुढे अमरावतीला पॉइंट गार्ड होईल, असं सरांनी सांगितलं होतं. लहानपणापासून एका पांघरुणात झोपणाऱ्या दोघींनी मधे उशी ठेवली होती. माझ्या जिवाला वेगळाच घोर होता. माझी मुलगी चेंडू देते तो तिला द्यायला आवडतो म्हणून, की सगळे आपल्याकडे पाहतील या भीतीने? भीती असेल, तर ती माझ्याकडून आली.

सामन्याला आम्ही दोघी जावा एसटीने गेलो. दोघी पोरी आळीपाळीने चेंडू आणत होत्या आणि चांगल्या आणत होत्या. शेवटी आपली टीम एका पॉइंटने मागे होती. माझी मुलगी समोरच्या टीमच्या दोघींना चुकवून जाळीखाली पोचली. समोर कोणी नव्हतं. तिने चेंडू बहिणीला दिला. बहिणीसमोरही कोणी नव्हतं. तिने तो परत हिला दिला. हिने पुन्हा तिला दिला आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजली. चेंडू जावेच्या मुलीच्या हातातच राहिला. माझ्या शेजारी जावेला हसू फुटलं आणि तिने तोंडाला पदर लावला.

येताना एसटीत भांडण झालं.

"तुनं काहून नाई टाकला?" जावेच्या मुलीने विचारलं.

"टाकला असता तं तूच म्हणाली असती, एकटीच खाते म्हणून. अन् तू काहून वापस दिला?"

"तू म्हणते ना, मले पास देता येत नाई!"

पुढच्या सीटवरून जाऊ म्हणाली, "मॅच खेळून राह्यल्या होत्या का एकमेकीले घास भरवून राह्यल्या होत्या व?" कंडक्टरही हसला.

सोमवारी सरांनी जावेच्या मुलीचं नाव घेतलं. माझ्या मुलीला म्हणाले, तू पास चांगला देतेस, पण मोकळी असतानाही टाकत नाहीस. ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि जेवली नाही.

आम्ही दोघी जावा सगळ्यांच्या मागून, एका ताटात जेवतो. टोपल्यात शेवटची भाकर राहते, तेव्हा मी म्हणते, तुमी घ्या. त्या म्हणतात, तू घे. असं दोन-तीनदा होतं आणि भाकर तशीच राहते. सकाळी ती गाय खाते. इतकी वर्षं हे चाललं आहे आणि पोरी ते समोर बसून पाहत मोठ्या झाल्या. हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं.

त्या रात्री आमचं जेवण संपत आलं तेव्हा मुलगी भिंतीला टेकून म्हणाली, "आई, तुले कोणती मोठी वाटते? खरं सांग."

भासरे दारातच सुपारी कातरत बसले होते. तरी मी बोलले.

"तुहीच, ठेंगणी. पण समोर कोणी नसलं तं थे बी कोणाले पाहत नाई, सोताच टाकते. त्या व्हिडिओतच हाये. तू तेवढंच पाहत नाई."

अडकित्ता थांबला. जावेने काही घडलंच नाही असं दाखवून टोपल्यातली शेवटची भाकर माझ्याकडे सरकवली. "घे व."

मी घेतली. तुमी घ्या म्हटलं नाही. मोडली, वरून शेंगदाण्याची चटणी घेतली आणि खाऊ लागले. जावेचा हात टोपल्यावर तसाच राहिला.

"घेतली की व हिनं!" ती म्हणाली, आणि दोघी पोरी हसायला लागल्या. दारातून भासऱ्यांचंही हसणं ऐकू आलं.

भाकर वाळली होती, चावायला वेळ लागला. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग मुलीने ताट ओढलं आणि म्हणाली, "मले तव्यावर टाकून दे एक, गरम."