अल्पमतातला फोन

जगातल्या प्रत्येक हरणाऱ्या बाजूला निदान एक तरी मत पडावं, एवढ्यासाठीच देवाने आमच्या शेजाऱ्यांना जन्माला घातलं असावं, आणि त्यांची कसोटी पाहायची म्हणून तो जन्म रत्नागिरीत दिला असावा. जिथे हापूसबद्दल वाकडा शब्द काढणारा माणूस परगावचा समजला जातो, तिथे हे गृहस्थ भर मे महिन्यात घराच्या पायरीवर बसून रायवळ चोखतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "हापूसला स्वतःचं मत नाही हो. इथून तिथून सारखाच गोड. रायवळाचं प्रत्येक झाड वेगळं बोलतं." त्यांची स्कूटर बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या स्कूटरी मिळेल त्या किमतीला विकल्या, यांनी त्यातलीच एक विकत घेतली, पहिलीला सुटे भाग मिळावेत म्हणून. बंदर खात्यात नोकरीला होते तोवर युनियनच्या निवडणुकीत ते ज्याच्या मागे उभे राहत, तो उमेदवार निकालाआधीच पेढ्यांची ऑर्डर रद्द करून येई, असं त्यांचेच सहकारी सांगतात.

अशा माणसाने स्मार्टफोन घ्यायचा ठरवला तेव्हा तो कसला असणार, हे आम्हाला कळायला हवं होतं. जगात फोनचे दोन मोठे पंथ आहेत, एक हिरव्या यंत्रमानवाचा आणि दुसरा उष्ट्या सफरचंदाचा. आमच्या शेजाऱ्यांनी मारुती मंदिराजवळच्या दुकानात जाऊन तिसऱ्याच पंथाची दीक्षा घेतली. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन, कुठे मोठे, कुठे लहान, आणि अधूनमधून त्यातला एखादा आपणहून कूस बदलायचा. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "काका, हा कोणी नेत नाही. पुढे अडचण होईल." या एका वाक्याने सौदा पक्का झाला. त्या मापाचं कव्हर अख्ख्या जिल्ह्यात मिळेना, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, जुन्या उशीच्या अभ्र्याची नाडीवाली पिशवी शिवून दिली. फोन वाजला की आधी नाडीची गाठ सुटायची आणि मग "हॅलो", तोवर पलीकडचा कंटाळून गेलेला असायचा. "ज्याला खरंच काम आहे तो पुन्हा करतो," हे त्यावरचं त्यांचं उत्तर.

त्या फोनच्या आतल्या दुकानात अ‍ॅप फार थोडी. बँकेचं नाही, गॅसचं नाही, रेल्वेचं नाही. पण उणिवेचा गुण करण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. "दुकानात दोनशे साबण कशाला?" ते म्हणायचे. "अंगाला लागतो एकच." मासळी बाजारात बांगडे घेतल्यावर कोळणीने पैशांसाठी तो काळा-पांढरा कागद पुढे केला, तर यांनी खिशातून नोटा काढल्या. ती म्हणाली, "काय ओ काका, येवढा मोठा फोन नि पैसं जात नायत? मग काय शोभेला घेतलाव?" यावर त्यांनी तिला भर बाजारात चौकोन दाखवले. तिने माशी वारत ते शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "रंग बरं हायत." हे प्रशस्तिपत्र त्यांनी मला तीनदा तरी ऐकवलं. पालीला एका लग्नाला आम्ही एकत्र निघालो, तेव्हा हातखंब्याच्या पुढे त्यांच्या नकाशाने आम्हाला एका काजूच्या बागेत नेऊन सोडलं. समोर कुंपण, मागे भुंकणारा कुत्रा. मी म्हटलं, नकाशा चुकला. ते पडदा माझ्यापुढे धरून म्हणाले, "नकाशा बरोबर आहे. रस्ता इथून जायला हवा होता." आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. जेवण मात्र मिळालं.

हे सगळं आम्हाला मौजेचं होतं, वहिनींना नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक कॅनडात, तिला दोन वर्षांची मुलगी, आणि ज्या अ‍ॅपवर सगळा महाराष्ट्र रोज सकाळी फुलं पाठवतो, ज्यावर माणसं चेहरे बघत बोलतात, ते या फोनसाठी उपलब्ध नव्हतं. वहिनींकडे बटणांचा फोन. लेक म्हणाली, आईसाठी चांगला फोन पाठवते. हे म्हणाले, "एका घरात दोन राज्यघटना नकोत." यावर दुसरी एखादी बाई भांडली असती. वहिनींनी भांडण टाळून वाट काढली. त्या दर रविवारी संध्याकाळी दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या गडग्याला वळसा घालून आमच्या पडवीत यायच्या, आणि लेक माझ्या फोनवर फोन करायची. मी तो घ्यायचा, "काय गं, बर्फ पडलं का?" एवढं विचारायचं, पोरीला टाळ्या वाजवून दाखवायच्या आणि फोन वहिनींच्या हाती द्यायचा.

तेही यायचे, "हिला सोबत" म्हणून. कॅमेऱ्यात येणार नाही अशी खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी हेरून ठेवली होती. "दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं बरं नव्हे," ते म्हणायचे. कान मात्र इतके लांबायचे की मला त्यांच्या मानेची काळजी वाटे. "दाढा आल्या का विचार," ते कुजबुजत. "सर्दीचं विचार." पलीकडून लेक ओरडायची, "बाबा, या की समोर!" आणि वहिनी थंडपणे सांगायच्या, "नाही येणार गो. तत्त्वाचा प्रश्न आहे." नात एरवी आजोबांचा आवाज साध्या फोनवर ऐकायची, पण दोन वर्षांच्या मुलाला नुसता आवाज म्हणजे काय? भिंतीतून आला काय नि ढगातून आला काय. वहिनी एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, "पोर मोठी होत्ये. उद्या समोर उभी राहिली तर ओळखायची नाही हो यांना." त्या हे हळू बोलल्या, पण ते आमच्या शेजाऱ्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी उगाचच फोनच्या पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मग एका रविवारी मी फोन उचलला आणि पडद्यावरच्या त्या पिटुकल्या तोंडातून स्पष्ट शब्द आला, "आजोबा!" लेक हसली. "अगं नाही, ते शेजारचे काका." पोरीने मान हलवली. माझ्याकडे बोट करून पुन्हा म्हणाली, "आजोबा." मागून वहिनी डोकावल्या, तशी त्यांच्याकडे बोट करून म्हणाली, "आजी." तिचा हिशेब चोख होता. रविवारी खिडकीत दोन म्हातारी माणसं येतात. एक आजी, तर दुसरा कोण?

मी फोन वहिनींच्या हाती दिला. आमच्याकडे ती हाक मारणारं अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळे ती कानाला किती गोड लागली हे सांगायची सोय नव्हती. खुर्चीतले आजोबा आपल्या चपलांकडे बघत होते. बोलणं संपल्यावर मी म्हटलं, "लहान आहे हो ती." ते उठले. "तिचं काय चुकलं? जो दिसतो तो आजोबा. बरोबरच आहे तिचं." चहा तसाच टाकून ते गडग्याला वळसा घालून घरी गेले. त्यांना चहा सोडून जाताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते एक खोकं घेऊन आले. आत यंत्रमानवाचा फोन, अगदी चारचौघांसारखा. "हिचा आहे," त्यांनी आधीच बजावलं. "माझा हा पिशवीतलाच. हिला जरा शिकवा." मी वहिनींना शिकवत होतो आणि ते माझ्या खांद्यावरून इतके वाकून बघत होते की त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. रविवारी त्यांनी आम्हा दोघांना आवर्जून बोलावलं. दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले. पडदा उजळला. नात बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा कुठे?"

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. तो उठला नाही. त्यांनी हात लांबवून मला दंडाला धरलं, ओढून आपल्या शेजारी बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुमतापुढे हात जोडून म्हणाले, "हे बघ, हे शेजारचे आजोबा. मी घरातला."

त्यानंतर काही रविवार गडग्यापलीकडून हाक यायची, "अहो, या, तुम्हाला शोधत्ये ती!" मी जाऊन टाळ्या वाजवून यायचो. हल्ली हाक येत नाही. आवाज तेवढा येतो. कॅनडाला फोनशिवायच ऐकू जावं अशा बेताने ते नातीला खारीच्या गोष्टी सांगत असतात, आणि मधूनच ती खळखळून हसते. मुलं लवकर शिकतात, आणि ते योग्यच आहे. मी आपला रविवारी दुपारी अजून फोन पूर्ण चार्ज करून ठेवतो.